मज्जारज्जूची इजा आणि हृदयाचे आरोग्य

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झालेला मनुष्य वाचेल की नाही, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने आता बऱ्याच अंशी मागे टाकला आहे. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक जवान काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. त्यांना मृत्यू येई तो शय्याव्रणांतून शिरलेल्या विषाने आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने. प्रत्यक्ष मज्जारज्जूची जखम क्वचितच प्राण घेई. प्रतिजैविक औषधे आली, मूत्राशयाची निगा राखण्याचे शास्त्र तयार झाले आणि हे मृत्यू हटले. मूत्रपिंडे निकामी होऊन जाणाऱ्यांचे प्रमाणही नंतरच्या दशकांत घटले. आज इजेनंतर वीस, तीस, चाळीस वर्षे जगणारी माणसे सर्वत्र आढळतात, आणि त्यांच्या मृत्यूच्या कारणांत श्वसनविकारांच्या बरोबरीने हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार पुढे आले आहेत. जो मनुष्य अपघातातून वाचला, संसर्गातून वाचला, तो पुढे न वापरलेल्या हृदयापायी हकनाक जावा, ही गोष्ट टाळता येण्याजोगी आहे, म्हणूनच ती अधिक खेदाची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटींहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. आपल्याकडे अशा इजेची दोन मोठी कारणे म्हणजे उंचावरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात. कोकणात नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून, देशावर कठडा नसलेल्या विहिरीत, शहरात बांधकामाच्या परांचीवरून माणसे पडतात. त्यांत कर्त्या वयाच्या पुरुषांचा भरणा अधिक असतो. घरचा कमावता हात अंथरुणाला खिळतो आणि मग घरातील सर्व माया त्या अंथरुणाभोवती गोळा होते. त्याला उठू द्यायचे नाही, दमू द्यायचे नाही, अशक्तपणा येऊ नये म्हणून तुपाचा शिरा आणि दूध चारायचे, असा परिपाठ पडतो. या मायेतच पुढील हृदयविकाराची बीजे असतात, हे कुटुंबाला कोणी सांगितलेले नसते. रुग्णालयातून घरी पाठविताना नळी कशी बदलावी, कूस कधी पालटावी, हे बहुधा सांगितले जाते. हृदयाविषयी मात्र अनेकदा अवाक्षरही निघत नाही.

स्टोक मँडेव्हिल ते हायडेलबर्ग

लुळ्या पडलेल्या शरीराला विश्रांती नव्हे, श्रम हवेत, हा विचार ज्याने रुजविला तो लुडविग गुटमान हा जर्मनीतील मज्जाविकारतज्ज्ञ. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्याला मायदेश सोडावा लागला आणि १९३९ साली तो इंग्लंडला आला. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला व तो गुटमानच्या हाती देण्यात आला. दर दोन तासांनी, रात्री-अपरात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. परंतु त्याच्या विभागाचे खरे वेगळेपण पुढच्या पायरीत होते. रुग्णांना त्याने चाकांच्या खुर्चीवर बसविले आणि त्यांच्या हाती चेंडू, काठ्या, धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन होत असताना, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ अपंग स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. १९५२ मध्ये हॉलंडचे माजी सैनिक तीत सामील झाले. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. आजच्या पॅरालिंपिक क्रीडासोहळ्याची गणना त्या वर्षापासून होते.

तिरंदाजी निवडण्यामागे वैद्यकीय हेतू होता. धनुष्य ओढताना पाठीचे व खांद्यांचे स्नायू बळकट होतात आणि लुळ्या कमरेवर धड तोलून धरण्याची सवय लागते. हृदयाला मात्र तिरंदाजीचा फारसा व्यायाम होत नाही. त्यासाठी धावपळीचाच खेळ हवा: चाकांच्या खुर्चीवरील बास्केटबॉल, शर्यत किंवा पोहणे.

पोहण्याच्या बाबतीत महाराष्ट्राला दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे जन्मलेले मुरलीकांत पेटकर हे सैन्यदलातील जवान व मुष्टियोद्धे. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक कण्यात रुतून राहिली. पाय अधू झाले, मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पाण्यात उतरण्यास आरंभ केला. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त जलतरणात त्यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. शासनाची पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली. म्हणजे मधे ४६ वर्षे गेली. देशाच्या क्रीडास्मृतीविषयी यातून काय दिसते ते दिसो. वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट अशी की, उपचार म्हणून हाती घेतलेल्या व्यायामाला वरची मर्यादा किती असू शकते, हे त्या जवानाने दाखवून दिले.

चाबूक हरवला, लगाम शाबूत

मज्जारज्जूची इजा म्हणजे केवळ पाय हलत नाहीत, एवढेच नव्हे. हृदयाची गती वाढविणारे अनुकंपी मज्जातंतू छातीच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवर, साधारण पहिल्या ते चौथ्या-पाचव्या मणक्याशी, मज्जारज्जूतून बाहेर पडतात. गती कमी करणारा तंतू मात्र मेंदूच्या बुंध्यातून निघून थेट हृदयाकडे जातो. तो मज्जारज्जूच्या वाटेने जातच नाही. टांग्याच्या घोड्याची उपमा येथे चपखल बसते. मान मोडून इजा झालेल्या रुग्णात लगाम शाबूत राहतो आणि चाबूक हरवतो. हृदयाला वेग हवा असेल तर लगाम सैल सोडणे एवढाच उपाय शरीराच्या हाती उरतो. त्यामुळे निरोगी तरुणाच्या नाडीचे ठोके जोराच्या व्यायामात मिनिटाला १८० च्या पुढे जात असले, तरी मानेच्या इजेच्या रुग्णाची नाडी सर्व बळ लावूनही बहुधा ११० ते १३० च्या आसपास अडते. इजा छातीच्या मधल्या मणक्यांच्या खाली असेल, तर हृदयाची वेगवृद्धी बहुतांशी पूर्ववत राहते.

दुसरा फरक रक्ताच्या परतीचा. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा दाबून रक्त वर ढकलीत असतात. पाय लुळे पडले की हा पंप बंद पडतो आणि रक्त पायांत व पोटात साचून राहते. हृदयाकडे परत येणारे रक्तच कमी, म्हणून प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्तही कमी. मानेची इजा झालेल्यांत कालांतराने हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत पातळ होते, त्याचे वजन घटते. न वापरलेली मांडी जशी सुकते, तसे काम नसलेले हृदयही सुकते. अशा रुग्णाला एकदम उठवून बसविले की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, ती यामुळेच. पोटाला पट्टा, पायांना ताणाचे मोजे आणि टप्प्याटप्प्याने उठणे, हे त्यावरचे साधे उपाय. पाण्यात उतरल्यावर पाण्याचा दाब चहूबाजूंनी पायांवर पडतो व रक्त वर येण्यास मदत होते. पोहण्याचा हा एक जादा लाभ. जखम उघडी असताना मात्र तलावात उतरू नये.

तिसरी गोष्ट मेदाची. मोठे स्नायू सुकल्यामुळे शरीराचा रोजचा इंधनखर्च बराच उतरतो आणि आहार पूर्वीइतकाच राहतो. उरलेल्याचा मेद होतो व तो विशेषतः पोटात साठतो. इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, मधुमेह डोकावतो, रक्तातील हितकर कोलेस्टेरॉल घटते. वजनकाट्यावर यातले काहीच नीट दिसत नाही, कारण स्नायूंची जागा मेदाने घेतलेली असते. म्हणून वजन व उंचीवरून काढण्याचा जो निर्देशांक आहे, तो अशा रुग्णात २२ झाला तरी स्थूलता आली असे समजावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. इतरांना हाच आकडा निर्धास्त वाटतो. व्यायाम कितीही केला तरी ताटातला भात, साखर आणि तळण आवरले नाही तर उपयोग थोडा. तंबाखू, विडी, मशेरी यांचे नाव काढण्याचीही गरज नसावी. परंतु दिवसभर एका जागी बसलेल्या माणसाला वेळ घालवायला तंबाखूची चंची प्रथम कोण देतो, तर भेटायला आलेला जिवाभावाचा मित्र.

किती आणि कसा

व्यायाम किती करावा, याविषयी पूर्वी अंदाजपंचे सांगितले जाई. अनेक देशांतील तज्ज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासून सिद्ध केलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आता प्रमाण मानली जातात. मज्जारज्जूच्या जुन्या इजेच्या प्रौढ रुग्णाने दमश्वास व स्नायूंची ताकद सुधारण्यासाठी आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटे मध्यम ते जोराचा, दम वाढविणारा व्यायाम करावा आणि दोनदा, चालत्या असलेल्या प्रत्येक मोठ्या स्नायुगटासाठी तीन-तीन फेऱ्यांचा ताकदीचा व्यायाम करावा. हृदय, रक्तशर्करा व मेद यांवर इष्ट परिणाम हवा असेल, तर दम वाढविणारा व्यायाम आठवड्यातून तीनदा, किमान ३० मिनिटे हवा. म्हणजे आठवड्याला दीड तास. ज्याने वर्षानुवर्षे हात हलविलेला नाही, त्याने पाच-दहा मिनिटांपासून आरंभ करून हळूहळू वाढवीत जावे.

मध्यम व्यायाम कोणता, हे नाडीवरून ठरविण्याची रीत येथे उपयोगी पडत नाही. कारण वर सांगितल्याप्रमाणे नाडीच अडलेली असते. ‘वय वजा करून इतके ठोके गाठा’ हे व्यायामशाळेतील कोष्टक मानेच्या इजेच्या रुग्णाला लावणारा शिक्षक त्याला निष्कारण छळतो. बोलण्याची कसोटी अधिक बरी: व्यायाम करताना एकेक वाक्य बोलता यावे, पण अभंग म्हणण्याइतका श्वास उरू नये.

साधनांसाठी अडून राहण्याचे कारण नाही. हातांनी फिरविण्याचे यंत्र रुग्णालयात असते, घरी नसते. घरी सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून वल्हे मारल्यासारखी ओढता येते. पाण्याने भरलेल्या बाटल्या वजन म्हणून चालतात. मूठ वळत नसेल तर हात रुंद पट्टीने बांधून घ्यावा. हवेत ठोसे मारणे, अंगणात खुर्चीच्या फेऱ्या घालणे, सौम्य चढावर खुर्ची ढकलणे, हे सर्व दम वाढविणारे व्यायामच होत. शाळेच्या पटांगणावरची हलकी लेझीम बसूनही खेळता येते आणि ताशाच्या ठेक्यावर अर्धा तास कसा गेला, ते कळत नाही. मुद्गल व जड जोडी मात्र टाळावी.

ते टाळण्याचे कारण खांदा. ज्याचे पाय गेले, त्याचे हातच त्याचे पाय होतात. खुर्ची ढकलणे, खाटेवरून खुर्चीवर सरकणे, दर पंधरा-वीस मिनिटांनी बैठकीवरचा भार उचलणे, हे सर्व खांद्यावर. खांद्याचा सांधा मुळात या ओझ्यासाठी घडलेला नाही आणि इजेला दहा-पंधरा वर्षे झालेल्या अनेकांचे खांदे दुखू लागतात. खांदा निकामी झाला की व्यायाम तर जातोच, स्वावलंबनही जाते. म्हणून ढकलण्यापेक्षा ओढण्याच्या व्यायामावर भर द्यावा, पाठीमागचे स्नायू बळकट करावेत, छातीचे ताणून सैल करावेत. चाक ढकलताना लहान लहान झटके न देता लांब, संथ रेटा द्यावा. भार हलका करण्यासाठी दर वेळी हातांवर उचलून घेण्यापेक्षा पुढे किंवा बाजूला झुकणे खांद्याला मानवते.

दुसऱ्याने पाय वाकवून सरळ केल्याने सांधे आखडत नाहीत, म्हणून ते अवश्य करावे. परंतु तो हृदयाचा व्यायाम नव्हे. कित्येक घरांत बायको किंवा आई तासभर पाय चोळते, घामाघूम होते, आणि व्यायाम रुग्णाला झाला असे सर्वांना वाटते. खरे तर तो तिला झालेला असतो. विजेच्या सौम्य प्रवाहाने लुळ्या पायांचे स्नायू आकुंचित करून सायकल फिरविण्याची यंत्रे मोठ्या केंद्रांत आहेत. त्यांचा लाभ होतो, परंतु ज्या स्नायूंचा मज्जातंतूच सुकला आहे, त्यांवर ती चालत नाहीत. शिवाय हाडे ठिसूळ झालेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीवाचून हा प्रयोग करू नये. पायांतील हाडे इजेनंतर झपाट्याने विरळ होतात आणि क्षुल्लक हिसक्यानेही मोडतात. दुखत नसल्यामुळे मोडल्याचे कळतही नाही.

एक धोका, जो गावच्या डॉक्टरलाही ठाऊक हवा

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल, तर एक विलक्षण आपत्ती ओढवू शकते. मूत्राशय तुडुंब भरते, किंवा नळीला पीळ पडतो, किंवा मलावरोध होतो, किंवा नखाला पू होतो. त्याची वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही. परंतु इजेखालच्या मज्जारज्जूत ती खळबळ उडवून देते. पोटातील व पायांतील रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात आणि रक्तदाब भडकतो. डोके फुटेल असे ठणकते, चेहरा व मान लालबुंद होते, कपाळावर घाम डवरतो, नाडी बहुधा मंद होते. वेळीच उपाय न झाल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

अशा रुग्णाचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० च्या घरात असतो. तो १४० दिसला तर दवाखान्यात कोणाला विशेष वाटत नाही. वस्तुतः त्याच्यासाठी ती धोक्याची घंटा असते. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढलेला दाब आणि डोकेदुखी एवढे पुरे. अशा वेळी रुग्णाला आडवे न करता ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, पट्टे व घट्ट कपडे सैल करावेत आणि प्रथम नळी व मूत्राशय पाहावे. बहुतेक वेळा पीळ सुटताच किंवा लघवी निघताच दाब उतरू लागतो. न उतरल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. या सूचना मराठीत लिहिलेला एक कागद, रुग्णाच्या नेहमीच्या रक्तदाबाच्या आकड्यासह, खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवणे शहाणपणाचे. वेळ आली तर रुग्णाला स्वतः बोलता येईलच असे नाही.

काही खेळाडू ही अवस्था मुद्दाम ओढवून घेऊन, चढलेल्या रक्तदाबाच्या जोरावर स्पर्धेत वेग मिळवू पाहत. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने या प्रकारावर १९९४ पासून बंदी घातली आहे. व्यायामापूर्वी मूत्राशय रिकामे करणे, ही त्यामुळे पहिली आज्ञा समजावी.

उन्हाचेही तसेच. इजेच्या पातळीखाली घाम येत नाही, म्हणून शरीर थंड होण्याचा मार्गच अपुरा असतो. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर अंगणात व्यायाम करणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण. मानेभोवती ओला पंचा, चेहऱ्यावर पाण्याचा शिडकावा, भोवती वारा असावा. लघवीची अडचण होते म्हणून पाणीच न पिणारे पुष्कळ आहेत, स्त्रिया तर विशेषच. ही सवय मूत्रपिंडांना आणि हृदयाला, दोहोंनाही घातक. व्यायामानंतर बैठक, टाचा व घोटे आरशात पाहावेत. लाली उतरत नसेल तर त्या जागेवर भार टाकू नये. आणि हृदयविकाराचा झटका आला तरी वरच्या पातळीच्या इजेत छातीत कळ येईलच असे नाही. अकस्मात धाप, मळमळ, गार घाम, जबड्यातील दुखणे किंवा पायांतील आचके एकाएकी वाढणे, एवढीच खूण मिळू शकते. वर्षातून एकदा रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, ते याचसाठी.

दांड्याची सायकल

मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली भौतिकोपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जखमी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने क्रीडाक्षेत्रातील त्यांच्या सहभागासाठी उपाय योजण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तरी तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला यांतले जवळचे काय, असा प्रश्न राहतोच. त्याच्या दारात बहुधा एकच साधन असते: शासकीय योजनेतून मिळालेली, हातांनी दांडा फिरवून चालविण्याची तीनचाकी सायकल.

या सायकलीकडे केवळ वाहन म्हणून पाहिले जाते. वस्तुतः हात गोलाकार फिरविण्याची तिची रीत हृदयाला उत्तम आणि खांद्याला खुर्ची ढकलण्यापेक्षा सुसह्य आहे. दूर देशी लोक यासाठीच हातसायकली पुष्कळ पैसे मोजून विकत घेतात. अलीकडे विजेरीवर चालणाऱ्या तीनचाकी मिळू लागल्या आहेत आणि त्या मिळाल्याने दूरचा बाजार, नोकरी, महाविद्यालय आवाक्यात आले, हे चांगलेच झाले. मानेची इजा असलेल्याला तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. पण जुनी सायकल त्या दिवसापासून गोठ्याच्या भिंतीला लागून गंजू लागते आणि दिवसाकाठी घडणारा तेवढा एक व्यायामही बंद होतो. विजेरीची गाडी कामासाठी ठेवावी आणि दांड्याची सायकल आठवड्यातून तीन दिवस, सकाळच्या गारव्यात, अर्ध्या तासासाठी बाहेर काढावी. सपाट रस्ता पाहावा, बसण्याच्या जागी जाड गादी असावी, पाय फळीवर पट्ट्याने बांधलेले असावेत म्हणजे ते घसरून चाकात जाणार नाहीत. पहिल्या आठवड्यात शाळेपर्यंत, पुढल्या आठवड्यात पाराला वळसा घालून, असे अंतर वाढवीत न्यावे. साखळीला महिन्यातून एकदा तेल घालावे आणि दांडा जड फिरू लागला तर खांद्याने जोर न लावता आधी चाकातील हवा पाहावी.